परिचर्या-शिक्षणाचे मापदंड आणि आपण



स्मरणिकेचा हा अंक आपल्या हाती देताना ह्या वर्षीच्या संपादकीयासाठी आम्ही वरकरणी रूक्ष वाटणारा एक विषय निवडला आहे. अमेरिकेत नर्सिंगचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचे मूल्यमापन राष्ट्रीय मापदंडांवर कसे केले जाते आणि त्या मूल्यमापनाचा आपल्या घरांतील विद्यार्थ्यांशी काय संबंध आहे, हा तो विषय होय. जयंतीनिमित्त निघणाऱ्या अंकात ही चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुली, आणि आता काही मुलगेही, ह्या व्यवसायाकडे वळत आहेत. भारतातून येणाऱ्या सुना, बहिणी आणि भाच्या तेथील नर्सिंगची पदविका घेऊन येथे उतरत आहेत. प्रवेशाच्या दिवसांत आम्हाला जे दूरध्वनी येतात त्यांत एकच प्रश्न असतो : "डॉक्टरसाहेब, हे कॉलेज चांगले आहे ना?" ह्या प्रश्नाचे उत्तर ओळखीपाळखीवर किंवा जाहिरातीवर देता येत नाही. ते मापदंड लावूनच द्यावे लागते, आणि तो मापदंड पालकांनी स्वतः हाती घेण्याजोगा आहे, हेच आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नर्सिंगचे नाव काढताच काही घरांत आजही नाराजी उमटते. मुलगी डॉक्टर झाली तर चारचौघांत सांगता येते. नर्स झाली तर सांगताना आवाज खाली येतो. आम्ही स्वतः वैद्यकीय पदवीधर आहोत आणि आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे रुग्णालयांत काढली आहेत. रात्री तीन वाजता रुग्णाचा रक्तदाब उतरत चालला आहे हे प्रथम ध्यानात येते ते परिचारिकेच्या. लिहून दिलेली औषधाची मात्रा चुकीची असेल तर ती रुग्णाच्या शिरेत जाण्यापूर्वी अडविणारी अखेरची व्यक्ती बहुधा तीच असते. ह्या कामाविषयीची नावड भारतात कोठून आली, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. रक्त, मलमूत्र, प्रसूती आणि प्रेत ह्यांना हात लावणारे काम हलके मानावयाचे आणि ते करणाऱ्याला दूर ठेवावयाचे, ह्या विचाराचे चटके आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहेत. १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्याला रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्यांचे नाव आदराने घेणाऱ्या समाजाने तरी शुश्रूषेला कमी लेखू नये. आणि ज्या कामाला आपण मान देतो, त्याच्या शिक्षणाची पारखही तितक्याच गांभीर्याने करावी.

ही पारख करताना तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली राज्याची मान्यता. प्रत्येक राज्यात बोर्ड ऑफ नर्सिंग असते आणि येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अशा मान्य अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झाल्याखेरीज परवाना परीक्षेला, म्हणजे एनक्लेक्सला, बसता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण महाविद्यालयाचे संस्था म्हणून झालेले मानांकन. तिसरी गोष्ट त्याच महाविद्यालयातील नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचे स्वतंत्र मानांकन. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर 'अ‍ॅक्रेडिटेड' हा शब्द ठळक छापलेला असतो. तो पुष्कळदा दुसऱ्या अर्थाने छापलेला असतो, आणि नर्सिंग विभागाला तो लागू असेलच असे नाही. राज्याची मान्यता ही सक्तीची किमान अट आहे. नर्सिंगचे राष्ट्रीय मानांकन अनेक राज्यांत ऐच्छिक आहे; परंतु ते नसेल तर पुढील वाटा अरुंद होतात. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत आणि सेनादलांच्या परिचर्या विभागांत नेमणुकीसाठी सामान्यतः मानांकित अभ्यासक्रमाची पदवी मागितली जाते, आणि पदव्युत्तर प्रवेश देताना बहुतेक विद्यापीठेही तेच पाहतात. चार वर्षांचे शुल्क भरून झाल्यावर हे समजले तर त्याचा काय उपयोग?

हे मानांकन देणाऱ्या प्रमुख संस्था दोन. नॅशनल लीग फॉर नर्सिंग ह्या जुन्या संस्थेने १९५२ पासून जे काम हाती घेतले, त्याची परंपरा चालविणारी एसीईएन ही पहिली. तिला हे नाव २०१३ साली मिळाले. ती व्यावहारिक नर्सिंगच्या प्रमाणपत्रापासून डॉक्टरेटपर्यंत सर्व स्तरांचे अभ्यासक्रम तपासते. दुसरी सीसीएनई, जी अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग ह्या संघटनेच्या पुढाकाराने १९९८ पासून काम करू लागली. तिचा रोख पदवी आणि त्यापुढील शिक्षणावर आहे. नॅशनल लीगने नंतर नव्याने उभारलेल्या सीएनईए ह्या तिसऱ्या संस्थेलाही आता केंद्रीय शिक्षण खात्याची मान्यता आहे.

मापदंडांची गरज का पडली, हे पाहणे बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील बहुतेक नर्सिंग शाळा रुग्णालयांनीच चालविलेल्या होत्या. विद्यार्थिनी म्हणून मुलगी यायची आणि रुग्णालयाला जवळजवळ फुकटात मनुष्यबळ मिळायचे. ज्या वॉर्डात हात कमी, तेथे तिला उभे करावयाचे. तिने काय शिकावयाचे बाकी आहे ह्याचा विचार नंतर. जोसेफाइन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९२३ च्या अहवालाने ह्याच दुखण्यावर बोट ठेवले : रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण ह्यांचा झगडा झाला की हार शिक्षणाची होते. पुढे १९४८ साली एस्थर ल्युसील ब्राउन यांच्या अहवालाने नर्सिंगचे शिक्षण महाविद्यालये व विद्यापीठांत गेले पाहिजे, असा आग्रह धरला. म्हणजे नर्सिंगमधील मापदंडाची मूळ प्रेरणा विद्यार्थिनीचे शोषण थांबविणे ही होती. हे पालकांनी विसरू नये.

मात्र मापदंडाला दुसरी धारही असते. आमच्या वैद्यकीय क्षेत्रातील उदाहरण प्रसिद्ध आहे. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला. त्यामुळे अनेक भोंगळ, पैसेकाढू शाळा बंद पडल्या, हे चांगलेच झाले. पण त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच पुढील काळात बंद झाल्या आणि हॉवर्ड व मेहॅरी ह्या दोनच उरल्या. ज्यांना साधने मिळूच दिली नव्हती, त्यांना साधने नाहीत म्हणून अनुत्तीर्ण ठरविण्यात आले. नर्सिंगमध्येही वर्णभेदाची भिंत होती. मेरी महोनी ह्या कृष्णवर्णीय स्त्रीने १८७९ साली बोस्टनमध्ये प्रशिक्षण पूर्ण केले होते. तरीही तिच्या बांधवभगिनींना १९०८ साली आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारावी लागली, कारण अनेक राज्यांतील गोऱ्या परिचारिकांच्या संघटना त्यांना सभासद करून घेत नव्हत्या. ती स्वतंत्र संघटना अमेरिकन नर्सेस असोसिएशनमध्ये विलीन झाली ती १९५१ साली.

ह्यावर उपाय मापदंड मोडीत काढणे हा नाही, आणि आपल्यासाठी तो सैल करून मागणे हाही नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, ते वंचितांसाठी दुय्यम दर्जाचे शिक्षण चालेल ह्या समजुतीने उघडले नव्हते. मापदंड कडक असावा, पण तो संस्थेला आधी लावावा आणि विद्यार्थ्याला नंतर, हीच न्यायाची बाजू आहे.

आता प्रत्यक्ष मूल्यमापन कसे होते ते पाहू. गेली काही वर्षे आम्ही एका महाविद्यालयाच्या नर्सिंग विभागाच्या सल्लागार मंडळावर असल्यामुळे ही प्रक्रिया आम्हाला जवळून पाहावयास मिळाली आहे. प्रथम विभाग स्वतःच आपले परीक्षण करून विस्तृत अहवाल लिहितो. प्रत्येक निकषासमोर आपण काय करतो आणि त्याला पुरावा काय, हे मांडतो. त्यानंतर अन्य संस्थांतील अध्यापक आणि व्यावसायिक परिचारिका ह्यांचे पथक काही दिवस मुक्कामाला येते. ते वर्गात बसतात, प्रात्यक्षिक चालते ती रुग्णालये पाहतात, अध्यापकांच्या पदव्या व सभांची इतिवृत्ते तपासतात आणि विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलतात. मग त्यांचा अहवाल वरच्या मंडळांपुढे जातो आणि निर्णय होतो. सीसीएनईकडून नव्या अभ्यासक्रमाला जास्तीत जास्त पाच आणि जुन्याला दहा वर्षांपर्यंत मानांकन मिळते; एसीईएनकडून जुन्या अभ्यासक्रमाला आठ वर्षांचे मिळते. उणिवा आढळल्यास अटी घातल्या जातात, ताकीद दिली जाते किंवा मानांकन काढूनही घेतले जाते. म्हणून 'मानांकन आहे का?' एवढेच विचारून भागत नाही. ते केव्हा मिळाले, केव्हा संपते आणि त्यावर काही अट आहे का, हेही विचारावे लागते. ही माहिती मानांकन देणाऱ्या संस्था स्वतःच जाहीर करतात.

एसीईएनच्या २०२३ च्या मापदंडांत पाच विभाग आहेत : प्रशासन व साधने, अध्यापकवर्ग, विद्यार्थी, अभ्यासक्रम आणि फलनिष्पत्ती. सीसीएनईची मांडणी चार भागांत आहे, तरी आशय बराचसा तोच. ह्यांतील अध्यापकवर्ग हा आम्ही सर्वांत आधी पाहतो. विभागप्रमुख स्वतः उच्चशिक्षित परिचारिका आहे काय? पूर्णवेळ अध्यापक किती आणि तासिकेवर येणारे किती? रुग्णालयात एका अध्यापिकेमागे किती विद्यार्थी असतात? रुग्णशय्येपाशी केलेल्या कामाला शिकविण्यापेक्षा अधिक वेतन मिळत असल्याने येथे अध्यापकांचा तुटवडा आहे. त्यामुळे दर वर्षी हजारो पात्र अर्ज परत जातात, आणि काही संस्था तो तुटवडा झाकून जागा मात्र वाढवितात. एका अध्यापिकेच्या भोवती पंधरा विद्यार्थी उभे असतील तर शेवटच्या रांगेतल्या मुलीला इंजेक्शन देण्याची संधी येणार केव्हा?

अभ्यासक्रमाच्या बाबतीत प्रात्यक्षिकाचे तास कोठे होतात, हा कळीचा प्रश्न. प्रसूतिकक्ष, बालरुग्ण विभाग, मानसोपचार विभाग अशा ठिकाणी जागा मिळविणे अवघड झाले आहे. त्याऐवजी पुतळ्यांवर आणि कृत्रिम प्रसंगांतून शिकविण्याची पद्धत वाढली आहे, आणि ती टाकाऊ नाही. राज्य मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निम्म्यापर्यंतचे प्रात्यक्षिक अशा रीतीने उत्तम प्रकारे घेतले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत, असे आढळले. 'उत्तम प्रकारे' ह्या शब्दांवर आमचा भर आहे. त्या अभ्यासातील प्रशिक्षक ह्या पद्धतीत खास तयार केलेले होते. एका खोलीत पुतळा आणून ठेवला म्हणजे ती अट पुरी होत नाही.

शेवटचा विभाग फलनिष्पत्तीचा, आणि पालकांची सर्वाधिक दिशाभूल होते ती येथेच. एनक्लेक्समध्ये ८० टक्के उत्तीर्ण, ही रेषा दोन्ही प्रमुख संस्था धरतात. ती मोजण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत. म्हणून पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्यांचा आकडा वेगळा मागून घ्यावा. सीसीएनई त्याबरोबर ७० टक्के विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात काय आणि ७० टक्के नोकरीला लागतात काय, हेही पाहते. जाहिरातीत मात्र पहिलाच आकडा झळकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या महाविद्यालयात १०० विद्यार्थी आले. वाटेत ५० गळाले किंवा गाळले गेले. उरलेल्या ५० पैकी ४५ एनक्लेक्स उत्तीर्ण झाले. निकाल ९० टक्के! दुसऱ्या महाविद्यालयात १०० आले, ८० टिकले आणि त्यांपैकी ६८ उत्तीर्ण झाले. निकाल ८५ टक्के. जाहिरातीत पहिले महाविद्यालय सरस दिसेल. परंतु प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी परिचारिका किती झाल्या? पहिल्यात ४५, दुसऱ्यात ६८. पहिल्यातील उरलेले ५० जण कर्ज घेऊन, वर्षे घालवून रिकाम्या हातांनी घरी गेले, आणि त्यांची गणती निकालात झालीच नाही.

ही गळती नेहमीच आपोआप होत नाही. काही संस्था शेवटच्या सत्रात बाहेरून विकत घेतलेली एक चाचणी लावतात आणि तीत ठरावीक गुण न मिळाल्यास, बाकी सर्व विषय उत्तीर्ण असूनही, विद्यार्थ्याला पदवी रोखून धरतात. निकालाची टक्केवारी राखण्याचा तो सोपा मार्ग असतो. एकाच चाचणीवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे नॅशनल लीगने २०१२ सालीच प्रसिद्ध केली. ह्या चाळणीत अडकतात ते बहुधा रात्रपाळी करून शिकणारे, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेले आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही असे विद्यार्थी. आपली मुले ह्यांतच येतात. म्हणून उत्तीर्णतेचा आकडा आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा आकडा हे दोन्ही एकत्र मागितले पाहिजेत. एक सांगून दुसरा टाळणाऱ्या संस्थेपासून सावध राहावे.

मानांकन देणाऱ्यांचीही पारख करावी लागते. खाजगी नफ्यासाठी चालणाऱ्या अनेक महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या एसीआयसीएस ह्या परिषदेची मान्यता केंद्र सरकारने २०१६ साली काढली, २०१८ साली परत दिली आणि २०२२ साली अखेर पुन्हा काढून घेतली. तिने मानांकित केलेली आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही देशभर शाखा असलेली साखळी सप्टेंबर २०१६ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा तिच्या वर्गांत नर्सिंगचेही विद्यार्थी होते. आणि जानेवारी २०२३ मध्ये तर फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका व गुणपत्रके विकल्याचे केंद्रीय तपास यंत्रणांनी उघड केले. त्या खरेदीदारांपैकी सुमारे २,४०० जण परवाना परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. संगणकावरची परीक्षा उत्तीर्ण होणे आणि रुग्णाजवळ उभे राहण्याची तयारी असणे ह्यांत अंतर आहे, हे ह्यावरून दिसते. प्रात्यक्षिकाचे तास आणि अध्यापकांची देखरेख ह्यांवर मापदंडांचा भर असतो तो ह्याच अंतरापायी.

भारतातून शिकून येणाऱ्या आपल्या नातलगांनाही हे सर्व लागू पडते. १९७७ साली स्थापन झालेली आणि २०२५ पासून ट्रूमेरिट ह्या नावाने ओळखली जाणारी सीजीएफएनएस ही संस्था त्यांच्या शिक्षणाची छाननी करते. प्रौढ, बालक, माता व नवजात आणि मनोरुग्ण ह्यांच्या परिचर्येचे अध्यापन व प्रात्यक्षिक किती झाले, हे तीत पाहिले जाते. कॅलिफोर्नियात तर विषयाचे अध्यापन आणि त्याचे प्रात्यक्षिक एकाच काळात झालेले असावे लागते. ते निरनिराळ्या वर्षी झाले असल्यास पुन्हा शिकावे लागते. तेव्हा गावाकडे एखादी पुतणी किंवा भाची नर्सिंगला जात असेल तर तिचे महाविद्यालय भारतीय परिचर्या नियामकांच्या आणि राज्य परिषदेच्या मान्यतेचे आहे ना, प्रात्यक्षिकासाठी खरोखरीचे रुग्णालय जोडलेले आहे ना, हे आताच विचारून घ्या. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी सीबीआयकडे सोपवावी लागली आणि मे २०२४ मध्ये त्या तपासणीतील काही अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्यावरून अटक झाली. भारताच्या संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. कायद्याची अंमलबजावणी प्रामाणिक होते की नाही, ह्यावर लक्ष ठेवणारे पालक मात्र तेथेही लागतील आणि येथेही.

ह्या अनुषंगाने संघटनेच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना नम्रपणे ठेवीत आहोत. आपल्यात कार्यरत परिचारिका पुष्कळ आहेत. काही अध्यापनातही आहेत. त्यांतील चार-पाच जणींची एक समिती नेमावी. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने निवडलेल्या अभ्यासक्रमाचे मानांकन, त्याची मुदत, मागील तीन वर्षांचा एनक्लेक्सचा निकाल, अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, पूर्णवेळ अध्यापकांची संख्या, प्रात्यक्षिकाची ठिकाणे आणि एकूण खर्च एवढी माहिती ह्या समितीने त्याच्याबरोबर बसून कागदावर उतरवावी. शिष्यवृत्ती देताना ह्या कागदाची अट घालावी. संघटनेचा पैसा ज्या महाविद्यालयाकडे जातो, त्या महाविद्यालयालाही आपण काही प्रश्न विचारतो, हे त्याला कळले पाहिजे. आणि पथक तपासणीला येईल त्या दिवशी विद्यार्थ्यांशी होणाऱ्या बैठकीत आपल्या मुलांनी गप्प बसू नये, हेही त्यांना सांगावे. त्या बैठकीत बोललेले शब्द अहवालात जातात.

पुढील जयंतीपर्यंत अशा दहा विद्यार्थ्यांचे कागद तयार झाले, तरी त्यांतून पुढच्या घरांना वाट दिसेल. ज्या भगिनींना आणि बंधूंना ह्या समितीत काम करावयाचे असेल, त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. त्यांतील वैद्यकीय बाजूची मदत करण्यास आम्ही आनंदाने बसू.

— संपादक